१७९८ चे चार कायदे : भीती फ्रान्सची होती की मतपेटीची?

निवांतनाना

मंडळी, सध्या लेकीकडे मुक्काम आहे. नातवाला सुट्टी होती म्हणून गेल्या शनिवारी फिलाडेल्फियाला जाऊन आलो. सगळी गर्दी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या त्या इमारतीपाशी. आम्ही शेजारच्या विटांच्या दुमजली घरात शिरलो, काँग्रेस हॉलमध्ये. १७९० ते १८०० अमेरिकेची राजधानी फिलाडेल्फियाच होती. तेव्हा खाली प्रतिनिधीगृह भरायचं आणि वर सिनेट. खालचं दालन एवढंसं, की मागच्या बाकावर कुणी पुटपुटलं तरी पुढे ऐकू जावं. तिथल्या बाईंनी सांगितलं की १७९८ साली याच दालनात एक खासदार दुसऱ्याच्या तोंडावर थुंकला आणि पंधरवड्याने त्या दुसऱ्याने याला काठीने बदडलं. नातू एकदम खूश. मी मात्र तेव्हापासून त्या वर्षात अडकून पडलोय, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. वॉशिंग्टन पायउतार झाल्यावर १७९६ ची निवडणूक जॉन अॅडम्स जिंकला, पण मतदार-मंडळाच्या किती मतांनी? ७१ विरुद्ध ६८. फक्त तीन. आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे हरलेला थॉमस जेफरसन उपाध्यक्ष झाला, म्हणजे विरोधी पक्षाचा पुढारी सरकारातच. अॅडम्सचा पक्ष फेडरलिस्ट : व्यापारी, बंदरं, इंग्लंडशी सलोखा. जेफरसनचा पक्ष रिपब्लिकन (आजच्या त्या नावाच्या पक्षाशी याचा संबंध नाही) : शेतकरी, कारागीर, फ्रेंच क्रांतीबद्दल जिव्हाळा. बोटीतून उतरणारे आयरिश, फ्रेंच, इंग्लंडातून पळालेले बंडखोर छापखानेवाले बहुतेक या दुसऱ्या पक्षाकडे वळत.

आता १७९८ च्या जून-जुलैतले चार आठवडे बघा. १८ जूनला नागरिकत्वाचा कायदा : आधी पाच वर्षं राहिलं की नागरिक होता यायचं, ते चौदा वर्षांवर नेलं. २५ जूनला दुसरा : अध्यक्षाला जो परदेशी धोकादायक वाटेल त्याला खटल्याशिवाय देशाबाहेर काढता येईल. ६ जुलैला तिसरा, युद्धकाळात शत्रुदेशाच्या माणसांना पकडण्याचा. आणि १४ जुलैला चौथा, राजद्रोहाचा : सरकारविरुद्ध खोटं, बदनामीकारक, द्वेषबुद्धीने लिहिलं-छापलं तर दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद.

सरकारचं म्हणणं, फ्रान्सशी युद्ध तोंडावर आलंय. ते सगळं खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण चौथ्या कायद्याचा मसुदा नीट वाचला की हेतू लपत नाही. संरक्षण कुणाला? अध्यक्षाला, काँग्रेसच्या दोन्ही गृहांना, सरकारला. उपाध्यक्षाचं नाव नाही! म्हणजे जेफरसनला कुणी चोर म्हणा, लुच्चा म्हणा, गुन्हा नाही. आणि मुदत? ३ मार्च १८०१. अॅडम्सची कारकीर्द संपत होती ४ मार्चला. उद्या समोरचे सत्तेवर आले तर हेच हत्यार आपल्यावर उलटू नये याची सोय आधीच करून ठेवलेली. फ्रान्सचं युद्ध काय अॅडम्सच्या कारकिर्दीचं कॅलेंडर बघून संपणार होतं?

चौदा वर्षांचं गणितही तसंच. १७९८ ला उतरलेला आयरिश माणूस १८१२ पर्यंत नागरिक नाही. त्याच्या मताविना किती निवडणुका निघून जातात ते मोजा.

माझं मत सरळ आहे : भीती खरी होती, पण कायदे बेतले गेले ते १८०० च्या निवडणुकीच्या मापाने. तुम्हाला काय वाटतं?

सईची आई

नाना, मस्त धागा. वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न : राज्यघटनेतली अभिव्यक्तीची पहिली दुरुस्ती १७९१ चीच ना? सात वर्षांत विसरले?

तळटीप

विसरले नाहीत, वकिली केली. तेव्हा बहुतेक कायदेपंडित ब्लॅकस्टोनचं इंग्लिश सूत्र धरून चालत : छापण्याआधी परवाना मागणं म्हणजे गळचेपी. छापल्यावर शिक्षा करणं म्हणजे गळचेपी नव्हे. फेडरलिस्टांचा बचाव हाच होता. आणि नाना, तुम्ही एक गोष्ट सांगितली नाहीत ती मी सांगतो, कारण खटला दोन्ही बाजूंनी ऐकावा. इंग्लिश राजद्रोहात 'मी लिहिलं ते खरं आहे' हा बचाव चालत नसे. उलट खरं असेल तर बदनामी जास्त गंभीर मानत. १७९८ च्या अमेरिकन कायद्याने सत्य हा बचाव मान्य केला आणि कायदा-वस्तुस्थिती दोन्ही ठरवायचा अधिकार ज्यूरीला दिला. कागदावर हा कायदा इंग्लंडच्या चार पावलं पुढे होता.

पारावरचा

कागदावर हो. पण ज्यूरी निवडायची कुणी? मार्शलने, म्हणजे कोर्टाच्या सरकारी अधिकाऱ्याने. मार्शल नेमायचा कुणी? अध्यक्षाने. न्यायाधीश तर झाडून सगळे फेडरलिस्ट. आणि 'अध्यक्षाला बडेजावाची हाव आहे' हे वाक्य खरं कसं सिद्ध करायचं? तराजूत घालून?

तळटीप

हा मुद्दा मान्य. मताला पुरावा मागितला की सत्याचा बचाव फुकट जातो. नेमकं तेच मॅथ्यू लायनच्या खटल्यात झालं. नाना, थुंकणारा तोच ना?

निवांतनाना

तोच! लायनवर वेगळा धागा होईल, पण इथेच सांगतो.

आयर्लंडात जन्मलेला, पोरवयात कराराचा वेठबिगार म्हणून अमेरिकेत आला. त्याचा करार एका बैलजोडीच्या बदल्यात विकला गेला असं सांगतात, आणि हा पठ्ठ्या आयुष्यभर त्या बैलांची शपथ घ्यायचा. पुढे व्हरमाँटमध्ये जमीन, गिरणी, छापखाना आणि मग खासदारकी. फेडरलिस्टांच्या डोळ्यांत खुपावं असं सगळंच त्याच्यात होतं.

१७९८ च्या उन्हाळ्यात त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की अॅडम्सच्या राज्यात लोककल्याण बाजूला पडलंय आणि उरलीय ती पोकळ बडेजावाची, खुशामतीची आणि स्वार्थाची हाव. पत्रावरची तारीख २० जून. राजद्रोहाचा कायदा १४ जुलैचा. पण पत्र छापून आलं जुलैअखेर, कायदा झाल्यावर, आणि तेवढं पुरलं. ऑक्टोबरात खटला, चार महिने कैद, हजार डॉलर दंड. व्हर्जेन्स गावच्या तुरुंगात ऐन हिवाळ्यात ठेवलं. व्हरमाँटचा हिवाळा काय असतो ते इथल्या ईशान्येकडच्या मंडळींना विचारा.

आणि त्याच कोठडीतून तो डिसेंबरात पुन्हा निवडून आला. फेब्रुवारीत दंड भरून सुटला, तर बाहेर दुसरं वॉरंट तयार असण्याची भीती. म्हणून बाहेर पाऊल टाकताच त्याने जाहीर केलं, 'मी काँग्रेसच्या अधिवेशनाला निघालोय.' अधिवेशनाला जाणाऱ्या खासदाराला अटक करता येत नाही! फिलाडेल्फियात त्याला सभागृहातून हाकलण्याचा ठराव आला. बाजूने ४९, विरुद्ध ४५. दोन तृतीयांश लागत होते, बारगळला.

गडबडगुंडा

आपल्याकडे तुरुंगातून निवडून येणाऱ्यांची परंपरा फार जुनी आहे असं वाटायचं. हे तर आजोबा निघाले 😄

नेवार्ककर

आमच्या गावाचं नाव यात कुणी घेतलं नाही म्हणून मीच घेतो. जुलै १७९८, अॅडम्स राजधानीतून घरी मॅसॅच्युसेट्सला निघालेला, वाटेत नेवार्क. गावाने सलामीच्या तोफा उडवल्या. ल्यूथर बाल्डविन नावाचा गृहस्थ दुपारची चढवून मित्रांबरोबर रस्त्यात. कुणीतरी म्हणालं, अध्यक्ष गेला आणि हे त्याच्या पार्श्वभागावर तोफ डागतायत. बाल्डविन म्हणाला, पार्श्वभागातूनच आरपार गेली तरी माझं काही जात नाही. मूळ शब्द याहून गावरान आहे, संपादकांच्या भीतीने साजूक केलाय. दारूवाल्याने ऐकलं, बातमी पोचली, खटला, दंड, दंड भरेपर्यंत कोठडी. जेफरसनवाल्या पत्रांनी मग वर्षभर हा किस्सा मिटक्या मारत छापला.

फ्रेंच आरमाराला या वाक्याने काय मदत झाली असती ते कुणी सांगेल काय?

मीठभाकर

सगळे एका सुरात गायला लागलेत म्हणून जरा बेसूर होतो. फ्रान्सची भीती तुम्ही फार स्वस्तात निकालात काढताय. फ्रेंचांनी अमेरिकेची तीनशेवर व्यापारी जहाजं धरली होती. अॅडम्सने वाटाघाटीला तीन माणसं पॅरिसला पाठवली, तर परराष्ट्रमंत्री तालेरांच्या दलालांनी बोलणी सुरू करायलाच अडीच लाख डॉलरची लाच आणि वर सरकारला मोठं कर्ज मागितलं. कागदपत्रं जाहीर करताना दलालांच्या नावांऐवजी एक्स, वाय, झेड अशी अक्षरं घातली, म्हणून ते प्रकरण त्या नावाने प्रसिद्ध. १७९८ च्या एप्रिलमध्ये हे बाहेर आलं आणि देश पेटला. समुद्रावर दोन वर्षं गोळीबार चालला. त्याच उन्हाळ्यात आयर्लंडात बंड झालं, फ्रेंच तिथे सैन्यही उतरवायला गेले. मग फिलाडेल्फियातल्या आयरिश मंडळांकडे संशयाने बघणं हे निव्वळ मतांचं राजकारण कसं?

निवांतनाना

मीठभाकर, 'निव्वळ' मी म्हटलंच नाही. पण क्रम बघा. हॅरिसन ग्रे ओटिस या मॅसॅच्युसेट्सच्या फेडरलिस्टाने 'रानटी आयरिशांच्या झुंडी' नकोत असं भाषण केलं ते १७९७ साली, लाचेचं प्रकरण बाहेर यायच्या आधी, आणि विषय होता नागरिकत्वाच्या दाखल्यावर वीस डॉलर कर बसवण्याचा. दुखणं जुनं होतं, फ्रान्सने औषध पाजायला निमित्त दिलं.

दुसरं असं, की त्या वेळी प्रतिनिधीगृहात विरोधी बाजूचं नेतृत्व कुणाकडे होतं? अल्बर्ट गॅलाटिनकडे, जन्माने जिनिव्हाचा. १७९४ साली याला सिनेटमधून काढलं होतं, कारण नऊ वर्षांचं नागरिकत्व भरत नव्हतं. म्हणजे 'तुझी इथली वर्षं किती' हा प्रश्न राजकीय शत्रूला उडवायला चालतो हे त्यांनी आधीच करून बघितलं होतं.

मीठभाकर

ओटिसचं भाषण मला माहीत नव्हतं. बरं, मान्य, थोडं मागे सरकतो. पण अॅडम्सला खलनायक करू नका. कायदे त्याने मागितले नव्हते, काँग्रेसने आणले, त्याने सही केली. हद्दपारीच्या कायद्याखाली त्याने एकाही माणसाला प्रत्यक्ष बाहेर काढलं नाही. फेडरलिस्टांचा पुढारी हॅमिल्टन, त्यानेसुद्धा राजद्रोहाचा मसुदा बघून पत्रात लिहिलं होतं, जुलूमशाही उभी करू नका. आणि राजद्रोहाचं विधेयक प्रतिनिधीगृहात ४४ विरुद्ध ४१ असं काठावर पास झालं.

पारावरचा

काढलं नाही, कारण बरेच आपणहून गेले. कायदा चर्चेत होता तेव्हाच बोटी भरून फ्रेंच परतले. मोरो द सें-मेरी नावाचा निर्वासित फिलाडेल्फियात पुस्तकांचं दुकान चालवायचा, अॅडम्स स्वतः तिथे जाणारा. त्याचं नाव हद्दपारीच्या यादीत आलं. त्याने विचारपूस करवली, माझा गुन्हा काय? अॅडम्सचं उत्तर त्यानेच लिहून ठेवलंय : विशेष काही नाही, पण तो फारच फ्रेंच आहे.

तळटीप

आणि आता या धाग्यातला माझा लाडका माणूस : विल्यम डुएन.

अमेरिकेत, लेक शॅम्प्लेनच्या परिसरात जन्मला, लहानपणीच आयर्लंडला नेला. तरुणपणी कलकत्त्याला गेला आणि तिथे इंग्रजी वर्तमानपत्र चालवायला लागला. कंपनी सरकारला त्याचं लिखाण झोंबलं. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअरने त्याला पकडून, खटला वगैरे भानगडीत न पडता, जहाजावर घालून इंग्लंडला धाडला. म्हणजे 'परका आहे, लिहितो, हाकला' हा प्रयोग या माणसावर आधी आपल्या देशात झाला होता! तिथून १७९६ ला फिलाडेल्फिया आणि 'ऑरोरा' पत्रात नोकरी.

ऑरोराचा मालक-संपादक बेंजामिन फ्रँकलिन बाश, थोरल्या फ्रँकलिनचा नातू. त्याला तर राजद्रोहाचा कायदा व्हायच्या आधीच, जूनमध्ये, जुन्या इंग्लिश कॉमन लॉखाली (कोर्टाच्या निकालांतून घडलेला कायदा) अटक झाली. खटला उभा राहण्याआधी सप्टेंबरात पीतज्वराने गेला, वय २९. डुएनने पत्र चालवलं, पुढे बाशच्या विधवेशी लग्नही केलं. परराष्ट्रमंत्री टिमोथी पिकरिंगने १७९९ साली अॅडम्सला लिहिलं, की या डुएनला परदेशी म्हणून हद्दपार करता येईल. अॅडम्सची तयारी होती. पण डुएन म्हणणार, मी तर इथेच जन्मलो! त्या घोळात हद्दपारीच्या कायद्याची दोन वर्षांची मुदत संपली.

एकाच माणसाला परका ठरवायला एक कायदा, गप्प करायला दुसरा. नाना, दोन्ही कायदे एका महिन्यात का झाले त्याचं उत्तर डुएनच्या चरित्रात आहे.

सईची आई

हे कलकत्त्याचं मला अजिबात माहीत नव्हतं. तळटीप, टाळ्या!

आणि वाचताना टिळकांची आठवण येणारच ना. १९०८ चा खटला, ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन भारतीय, निकालही सात विरुद्ध दोन. मंडाले सहा वर्षं.

तळटीप

आईबाप एकच : इंग्लंडचा राजद्रोह. फक्त आपल्या १२४-अ कलमात 'खरं आहे' म्हणून सुटका नव्हती, सरकारविषयी अप्रीती उत्पन्न केली की झालं. लायनला निदान कागदावर तो बचाव होता. टिळकांना तोही नाही.

मीठभाकर

आता जेफरसनचं काय? तुम्ही सगळे त्याला अभिव्यक्तीचा वारकरी करून सोडाल. व्हर्जिनिया आणि केंटकीच्या विधिमंडळांनी १७९८ साली या कायद्यांविरुद्ध ठराव केले. ते चोरून लिहून दिले होते अनुक्रमे मॅडिसन (जेफरसनचा पक्षसोबती) आणि जेफरसनने. उपाध्यक्ष स्वतःच्याच सरकारविरुद्ध गुपचूप मसुदे लिहितोय! आणि मुद्दा काय, तर हा अधिकार केंद्राचा नाही, राज्यांचा. स्वतः सत्तेवर आल्यावर १८०३ साली त्याने पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरला खासगीत लिहिलं, की ठळक-ठळक अपराध्यांवर थोडे खटले भरले तर पत्रांना चांगला गुण येईल.

पारावरचा

त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात हॅरी क्रॉसवेल या फेडरलिस्ट संपादकावर जेफरसनच्या बदनामीचा खटला झाला. आणि अपिलात त्याच्या बाजूने उभा कोण राहिला? हॅमिल्टन! सत्य हा बचाव हवाच, असं घसा फोडून सांगायला. बाजू बदलल्या की तत्त्वंही घरं बदलतात.

त्या जेम्स कॅलेंडरचंही सांगा कुणीतरी.

निवांतनाना

सांगतो. जेम्स कॅलेंडर, स्कॉटलंडातून राजद्रोहाच्या खटल्यापासून पळून आलेला. जेफरसन त्याला आडून पैसे द्यायचा. अॅडम्सवर जहरी पुस्तिका लिहिली, १८०० साली रिचमंडला न्यायमूर्ती सॅम्युअल चेससमोर खटला, नऊ महिने कैद, दोनशे डॉलर दंड. अध्यक्ष झाल्यावर जेफरसनने सगळ्यांना माफी दिली, यालाही. मग याला हवी होती रिचमंडची पोस्टमास्तरकी, ती मिळाली नाही. १८०२ मध्ये तो जेफरसन आणि त्याची गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज यांचं प्रकरण छापून मोकळा झाला. पाळलेला साप, दुसरं काय.

मीठभाकर, जेफरसनबद्दल तुमचं पटलं. माझ्या मूळ मुद्द्याला त्याने बळच येतं. ३ मार्च १८०१ ची तारीख घालणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं, की दुसरी बाजूही असंच वागेल.

नेवार्ककर

तिसरा कायदा, शत्रुदेशीयांचा, अजून जिवंत आहे बरं का. चारांपैकी तेवढाच. १८१२ च्या युद्धात वापरला, दोन्ही महायुद्धांत वापरला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये व्हेनेझुएलाच्या टोळीच्या नावाखाली युद्ध जाहीर नसतानाच बाहेर काढला. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात ग्रीन कार्डच्या रांगेतली निम्मी मंडळी २२७ वर्षं जुना कायदा जेवणाच्या सुट्टीत वाचत होती.

संपादक

चालू राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. इथे १८०० च्या आसपासच राहावे ही विनंती.

नेवार्ककर

बरं. मग १७९० ला जातो, ते तर चालेल? नागरिकत्वाचा पहिला कायदा : दोन वर्षं राहिलेला 'मुक्त गोरा माणूस'. पाच करा, चौदा करा, परत १८०२ ला पाच करा, दोन्ही पक्षांची भांडणं वर्षांवरून. 'गोरा' या शब्दावर कुणीच भांडलं नाही. तो तसाच राहिला आणि १९२३ साली सुप्रीम कोर्टाने त्याच शब्दाच्या आधारे पंजाबी शीख भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारलं. त्याआधी १९१० मध्ये मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना मात्र अपील कोर्टाने गोऱ्यात बसवलं होतं. राजकीय हेतू शोधायचाच तर ज्यावर वाद झाला नाही तिथेही बघावं लागेल.

निवांतनाना

नेवार्ककर, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. धाग्याचा मथळा बदलावा की काय असं वाटायला लागलंय.

आता शेवटचं, लायनचं राहिलंय. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्याचाच जोडीदार एरन बर यांना ७३-७३ अशी सारखी मतं पडली. अॅडम्स ६५ वर. निवाडा प्रतिनिधीगृहाकडे गेला, राज्याला एक मत. पस्तीस फेऱ्या झाल्या, निकाल नाही. व्हरमाँटचे खासदार दोन : एक फेडरलिस्ट मॉरिस, दुसरा आपला लायन. दोघं एकमेकांना छेदायचे, राज्याचं मत कोरं. छत्तिसाव्या फेरीत, १७ फेब्रुवारी १८०१ ला, मॉरिस आलाच नाही. लायनने एकट्याने व्हरमाँटचं मत जेफरसनला टाकलं. ज्याला गप्प करायला कायदा वापरला, तोच हात वर करून बसलेला.

दंडाचे पैसे १८४० साली काँग्रेसने व्याजासकट त्याच्या वारसांना परत केले. लायन तेव्हा जाऊन अठरा वर्षं झाली होती.

गडबडगुंडा

ते सगळं ठीक नाना, पण थुंकला का ते राहिलंच की!

निवांतनाना

नातवाचाही तोच प्रश्न होता. कनेटिकटचा रॉजर ग्रिसवोल्ड त्याला लाकडी तलवारीवरून बोलला. क्रांतियुद्धात लायनला सैन्यातून अपमानाने काढलं होतं, आणि त्याला भित्र्याची खूण म्हणून लाकडी तलवार कमरेला लावायला लावली अशी वदंता होती. लायन पचकन थुंकला. पंधरा दिवसांनी ग्रिसवोल्ड जाड काठी घेऊन आला, लायनने शेकोटीचा चिमटा उचलला, आणि दोघे सभागृहाच्या फरशीवर लोळले. ती शेकोटी कुठली, ते विचारायचं राहून गेलं. नातू म्हणतोय पुढच्या शनिवारी परत जाऊ.